फोटोतल्या हाताचं वाण

धनगरवाडी, डोंगरकड्याजवळ
२२ जानेवारी २०२६

चि. दीपमालास आत्याचा अर्धा आशीर्वाद. उरलेला अर्धा तुझं उत्तर वाचल्यावर.

पत्र बघून दचकू नको, कोणी मेलं न्हाई. फोन ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवला आहे आणि मी तो काढणार न्हाई, म्हणून हा कागद. दिवाळीत तूच मला तो फोन दिलास. त्यातली ती चावडी, जिथं सगळे आपले फोटो टाकतात, तिच्यावर माझं नाव घातलंस, कडेवर कोकरू घेतलेला माझा फोटो लावलास. म्हणालीस, आत्या, आता तुला सगळे दिसतील. दिसले बाई. मीबी सगळ्यांना दिसले.

संक्रांतीला मी स्टीलच्या डब्या आणल्या होत्या, गल्लीभर वाण लुटलं, सगळं गोडीगुलाबीनं झालं. दुसऱ्या दिवशी फोनमध्ये टुणकन वाजलं. "दीपमालाने तुम्हाला वाण पाठवलं." चित्रातलं ताट, त्यात हळदीचा पुडा, आणि एक हात येऊन माझ्या फोटोला कुंकू लावून गेला. डोळ्यावर पडदा आल्यापासून मला सगळं धुक्यातलं दिसतं, पण तुझं नाव तेवढं वाचता आलं. ऊर भरून आला. लेकरू पुण्यात राहून वाण विसरलं न्हाई! खाली होतं, "वाण परत करा". आता वाण घेऊन पदर झटकून उठायची आपल्यात रीत आहे का? मी बोट ठेवलं. मला वाटलं, माझं वाण तुझ्याकडं पोचलं.

ते पोचलं साऱ्या वाडीत. आणि पलीकडच्या संगितालाबी.

दसरा झाला आणि संगिताचा ग्यानोबा गेला, हे तुला माहीत आहे. तू फोनवर तिच्याशी रडली होतीस. तिच्या फोनला औंढ्याच्या जत्रेत काढलेला दोघांचा फोटो आहे, ग्यानोबानंच लावलेला. त्या फोटोत तो हात आला, तिच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं, आणि खाली अक्षरं उमटली: "अखंड सौभाग्यवती राहा. नर्मदाबाईंकडून, मांगल्यरेणू हळदीसोबत." तेबी चावडीवर, सगळ्यांना दिसेल असं. कोणी त्याच्याखाली हसरी तोंडं लावली. संगिताला वाचता येत न्हाई. गल्लीतल्या पोरींनी तिला ते वाचून दाखवलं, खिदळत.

ती माझ्या दारात आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "नर्मदे, माझं कुंकू पुसताना तूच माझा हात धरला होतास. आता परत लावून कोणाला हसवून राहिलीस?"

गेली आणि दार लावून घेतलं. लगीन होऊन या गल्लीत आल्यापासून आमी दोघी शेरडं संगंच माळावर नेतो. आता ती मी उठायच्या आधी नेते आणि मी परतल्यावर आणते.

मला एवढं सांग. तुला दिलेलं वाण तिच्याकडं गेलं कसं? आणि हा मांगल्यरेणू कोण लागून गेला माझ्या नावाला शेपूट लावणारा? हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचे डोंगर लागतात, आणि आमी पुड्यातली खाऊ?

तुझी आत्या,
नर्मदा

*

पुणे
२९ जानेवारी २०२६

आत्या, पाया पडते.

पोस्टमनने पत्र दिलं तेव्हा खरंच दचकले. वाचून आणखी वाईट वाटलं.

पहिली गोष्ट, तुझी काहीच चूक नाही. याला ब्रँडेड गिफ्ट म्हणतात. एखादी कंपनी त्या चावडीला पैसे देते आणि चावडी लोकांना एक चित्र फुकट वाटायला देते. कधी केक, कधी गुलाब, कधी थंड पेयाची बाटली. चित्रावर कंपनीचं नाव असतं. जाहिरात म्हणून दाखवलं तर लोक बोटाने पुढे सरकवतात, मैत्रिणीकडून भेट म्हणून आलं तर थांबून बघतात. एवढंच असतं ते. "वाण परत करा"च्या खाली बारीक अक्षरात "तुमच्या सर्व मैत्रिणींना" असं आहे. ते तुला दिसलं नसेल.

आमच्या ऑफिसकडे हे काम होतं. मी फक्त मराठी मजकूर बघते. कोणाच्या घरी काय घडलंय, हे यंत्राला कळत नाही गं. मी तक्रार नोंदवली आहे, ते तुम्हा दोघींची माफी मागतील. तू संगिता काकीला शांतपणे सांग, तांत्रिक चूक झाली. ती समजून घेईल.

आणि फोन कणगीतून काढ. ज्वारीत राहिला तर बिघडेल.

तुझी,
दीपमाला

*

धनगरवाडी
७ फेब्रुवारी २०२६

चि. दीपमाला,

बारीक अक्षर म्हणे! तू कागदावर टपोरं लिहितेस म्हणून तेवढं मला वाचता येतं. मी वाचायला शिकले ते खताच्या पोत्यावरून आणि एसटीच्या पाट्यांवरून. तिथं डोंगरकडा म्हणजे डोंगरकडा, पाव हात उंच. ज्याला खरं सांगायचं असतं, तो खसखशीएवढं लिहीत न्हाई.

तुझ्या कंपनीची माफी आली. निलमला, म्हणजे तुझ्या वहिनीला, राहवलं न्हाई, तिनं फोन काढून बघितला. फुलांची परडी, मधोमध हळदीचा पुडा. "तुमच्या भावना आमच्यासाठी मोलाच्या आहेत." आणि खाली काय? "ही परडी पुढे पाठवा." माफीच्याबी गळ्यात घंटा बांधून चरायला सोडली मेल्यांनी! संगिताला आलं ते तर ऐकच. "नर्मदाबाईंना तुमची आठवण येत आहे. त्यांना वाण परत करा." माझी आठवण हे सांगणार! आणि ते पोरींनी परत वाचून दाखवलं, परत खिदळल्या.

आता खरी गोष्ट. आमचे हे, तुझे मामा, मला डोळ्यासाठी हिंगोलीला घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले, पडदा पिकला, होळी झाली की काढू. परतताना डेपोत गाडीची वाट बघत बसलो. समोर बोर्ड, आपल्या खोलीएवढा. माझ्या धुरकट डोळ्यालाबी दिसला. ताट, पुडा आणि हात. मामा बघत राहिले. म्हणाले, "अगं, ती करंगळी बघ."

लोकर कातरताना कातर लागून वाकडी झालेली करंगळी. मनगटावर तुळशीचं गोंदण, त्यातली एक फांदी गोंदणारणीनं अर्धीच सोडलेली.

दीपमाला, तुझी आई गेल्यावर ह्याच हातानं तुझ्या वेण्या घातल्या. ह्याच हातानं तुझ्या तापाच्या घड्या पिळल्या. वर लिहिलं होतं, "घरचा हात, घरची हळद". लोक बोर्डाकडं बघून राहिले होते आणि मी माझा हात पदराखाली घेतला. चोरीचा माल असल्यासारखा. माझाच हात, आणि मीच लपवून बसले.

दिवाळीला म्हणालीस, "आत्या, वाण कसं देतेस ते करून दाखव, आठवण म्हणून ठेवते." मी दाखवलं. तेच ना ते?

तुझ्या सांगण्यावरून मी संगिताच्या दारात उभी राहून सांगितलं होतं, बाई, मशिनीनं केलं. तिनं दाराआडून विचारलं, "मशिनीला वाकडी करंगळी असते का?" तवा मला कळलं न्हाई ती काय बोलून राहिली. डेपोत कळलं.

होळी झाली की ती आखाडा बाळापूरला भावाकडं जाणार. कायमची. शेरडं विकायला काढली आहेत. नवरा गेलेली बाई भावाच्या घरात एकदा शिरली की परत तिच्या स्वतःच्या चुलीपुढं बसत न्हाई, हे तुला सांगायला नको. आणि ती गेली तर मी माळावर कोणासंगं भांडू?

खरं सांग. हात कोणी दिला?

आत्या

*

पुणे
१४ फेब्रुवारी २०२६

आत्या,

मी दिला. घे.

पण कसा दिला तेही ऐक. ऑफिसात हातांचे फोटो आले होते. गोरे, गुबगुबीत, नखांना रंग लावलेले. ज्यांनी जन्मात हळद कांडली नाही असे हात घरची हळद देणार होते. मला इतका राग आला की मी माझ्या फोनमधला तुझा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. एक जण म्हणाला, असा हात पैसे देऊनही मिळत नाही. मला रडू आलं अभिमानाने. मी तुझा हात विकला नाही आत्या, मिरवला. विचारायला हवं होतं, कबूल. पण मला वाटलं होतं, एक दिवस तुला डेपोत नेईन आणि म्हणेन, बघ, अख्ख्या हिंगोलीला कोणाचा हात दिसतोय.

आणि तू समजतेस तशी मी नुसती मजकूर सुधारणारी नाही. यात माझा शब्द चालला. साहेब म्हणत होते, बायका वाण बघतील आणि सोडून देतील. मी म्हटलं, नाही, आमच्याकडे वाण घेऊन कोणी हात रिकामा ठेवत नाही. ते परत जातंच. म्हणून ते बटण आलं. पहिल्याच दिवशी इतकी वाणं फिरली की साहेबांनी पेढे वाटले. इतकी वर्षं मला गावाकडची म्हणून चहाच्या कपांच्या बाजूला बसवायचे, त्या दिवशी मधली खुर्ची दिली. तुला याचा थोडाही आनंद होत नाही?

हात काढा म्हणून सांगितलं. म्हणाले, चैत्रातल्या हळदीकुंकवापर्यंत चालणार, करार झालाय. मी एकटी काय करू? सगळा राग माझ्यावरच का? बटणावर बोट मी तर ठेवलं नव्हतं.

दीपमाला

*

धनगरवाडी
२० फेब्रुवारी २०२६

दीपमाला,

आशीर्वाद लिहीत न्हाई.

हाताचं सोड. मिरवला म्हणतेस, एक वेळ पोटात घालीन. पण पत्राच्या मधोमध तू जे पेढ्यासारखं ठेवलंस, ते मी परत परत वाचलं. "ते परत जातंच." हे तू त्यांना सांगितलंस.

तू धनगराची पोर आहेस. तुझा बाप रखमाजी मेंढरं बसवतो तवा भोवती जाळ्याची वाघूर लावतो. वाघरीला कुठं ना कुठं भोक असतंच. ते फक्त घरच्याला माहीत असतं, म्हणून घरचा माणूस तिथंच अंथरूण टाकतो. तू लांडग्याला हाताला धरून नेलंस आणि ते भोक दाखवलंस. त्यानं पेढे वाटले, तर तू खाल्लेस.

वाण काहून परत करतात, कधी विचार केलास? एकीच्या घरी तीळगूळ असतो, एकीच्या घरी नुसता चुलीचा धूर. परत करायच्या निमित्तानं तरी त्या घरात कोणी पाय ठेवतं, दोन शब्द बोलतं, लेकराच्या हातावर काही पडतं. ती आमच्या बायांची लाज होती, माया होती, काय म्हणायचं ते म्हण. त्या लाजेला तू बटण लावलंस. आणि आता मलाच विचारतेस, बोट कोणी ठेवलं? शेळीला पाला दाखवून गळ्यात दोरी टाकायची आणि वर म्हणायचं, मान तिनंच पुढं केली!

यंत्राला कळत न्हाई म्हणतेस. ज्याला कळत न्हाई तो मयताच्या घरी गप बसतो. गाढवबी गप बसतं. तुमचं यंत्र मात्र पुडा घेऊन पुढं!

संगिताची चांदी शेळी काल डोंगरकड्याचा एक जण घेऊन गेला. चांदी वाटेनं मागं वळून ओरडत होती आणि संगिता पाठ करून उभी होती.

मला पत्र लिहू नको. माझी माफी मागू नको. कपाळ जिचं आहे, तिच्याकडं जा.

नर्मदाबाई

*

पुणे
२५ फेब्रुवारी २०२६

संगिता काकी, पाया पडते.

तुला वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. हे कोणाकडून वाचून घ्यायचं ते तूच ठरव.

तुझ्या फोटोवर आलेला हात आत्याचा होता, पण तिने तो दिला नव्हता. मी तिला न विचारता घेतला. वाण तिने मला परत केलं होतं. ते तुझ्याकडे वळवणारं बटण आमच्या ऑफिसचं, आणि ते सुचवणारी मी.

ऑफिसात बाकीच्यांना माहीत नव्हतं की असं वाण एखाद्या घरी गेलं तर काय होतं. मला माहीत होतं. मी तुझ्या अंगणात वाढले, ग्यानोबा काकांच्या खांद्यावर बसून औंढ्याची जत्रा बघितली. तरी मी एकदाही विचारलं नाही की जिचा माणूस गेला, तिला हे गेलं तर? विचारलं असतं तर खेळ मोडला असता. मधली खुर्ची गेली असती. म्हणून गप्प बसले.

नोकरी सोडली असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल. सोडलेली नाही. चैत्राच्या हळदीकुंकवाचं चित्र करायला मात्र नाही म्हणाले. परत कपांच्या बाजूला बसवलंय.

आत्याचा राग करू नको. तो सगळा माझ्याकडे वळव. तू म्हणशील तेव्हा येऊन दारात उभी राहते.

दीपमाला

*

धनगरवाडी
५ मार्च २०२६

चि. दीपमालास आशीर्वाद. पुरा न्हाई, पण अर्ध्याच्या वर गेला.

होळीच्या दिवशी सकाळी मी पुरणाची डाळ शिजायला घातली होती. दार वाजलं. संगिता. हातात तुझं पाकीट, न फोडलेलं. तिला न्यायला भाऊ बाळापूरहून आलेला. तो म्हणाला, आण इकडं, मी वाचतो. तिनं त्याला दिलं न्हाई. मला म्हणाली, "वाच. बोलायला आले न्हाई. मागं पोरींनी वाचलं ते बघितलंस ना काय झालं. कागद मी तुझ्याच तोंडून ऐकते." आणि उंबऱ्याच्या बाहेर बसली.

पत्र कोणाच्या हातात पडणार, हे तुला बराबर माहीत होतं. "तूच ठरव" म्हणे! परत आमच्या सवयीवरच डाव टाकलास. पण ह्या डावात पुडा नव्हता, म्हणून सोडून देते.

वाचू लागले. "मला माहीत होतं" ह्या जागी मी थांबले, तेवढी ओळ मनातल्या मनात परत वाचली. ती म्हणाली, "काहून थांबलीस? वाच की." पुरं वाचलं. डाळ करपल्याचा वास आला तरी दोघींपैकी कोणी उठलं न्हाई.

मग ती म्हणाली, "पोरीनं आपली चूक सांगितली. आता तुझी सांग."

"माझी कसली?"

"संक्रांतीला वाण घेऊन गल्लीभर फिरलीस. मी दारातच उभी होते. तू पदर सावरलास, मान खाली घातलीस आणि माझ्या दारापुढून निघून गेलीस. फोनमधलं वाण दुसऱ्या दिवशी आलं. मला वाटलं, खऱ्या हातानं टाळलं आणि फोटोतल्या हातानं चिडवलं."

"अगं, रीत हाय ती. मी काय करू?"

"रीत! त्या मेल्या मशिनीनंबी मला वगळलं न्हाई नर्मदे. तू वगळलंस."

दीपमाला, महिनाभर मी कंपनीवर दात खाऊन राहिले होते. तुला लांडगा म्हटलं, वाघूर म्हटलं, रिकाम्या घरात पाय ठेवायची रीत म्हणून मोठ्या तोंडानं शिकवलं. आणि पलीकडच्याच रिकाम्या घरापुढून मी मान खाली घालून गेले होते. ती दारात होती, हे मला त्या दिवशीबी दिसलं होतं. तेवढा पडदा न्हाई माझ्या डोळ्यावर.

वाणातली एक डबी उरली होती. ती आणली, हळदीची वाटी आणली. कुंकवाच्या कोयरीकडं हात गेला आणि तिथंच थांबला. पुढं नेऊ का मागं घेऊ कळेना. तिनंच सोडवलं. "कुंकू नको. ते ग्यानोबाचं होतं, त्याच्यासंगं गेलं. हळद लाव. हळद मला जन्मापासून आहे."

लावली. वाकड्या करंगळीपायी थोडी तिच्या नाकावर सांडली. ती म्हणाली, "एवढी म्हातारी झालीस, अजून धड लावता येईना." मग दोघी उंबऱ्यात बसून पोटभर रडलो. तिच्या भावानं थोडी वाट बघितली, करपल्या डाळीच्या पोळ्या खाल्ल्या आणि एकटाच बाळापूरला गेला.

दुसऱ्या दिवशी ती वाण परत करायला आली. पाटीखाली झाकून नुकत्याच व्यालेल्या शेळीचा चीक. अजून गरम होता. मामा डोंगरकड्याला गेले आहेत, चांदीला परत देतो का ते विचारायला. माणूस अडेल आहे म्हणतात. बघू.

पण माझा राग निवला, असं समजू नको. माझ्या पायाखाली जळलं ते मी बघितलं, म्हणून त्यांचं जळतं ते विझत न्हाई. माझा हात डेपोत अजून टांगून राहिला आहे. पुढच्या आठवड्यात डोळा उघडणार. उघडल्यावर पहिला तो बोर्ड दिसला, तर होळी संपली असली तरी डेपोत उभी राहून तुझ्या साहेबाच्या नावानं बोंब मारीन, मामा किती का ओढेनात. त्यांना तसं कळव. हात काढा म्हणावं. अक्षर मोठं लिही.

फोन निलमला दिला. माझं नाव चावडीवरून पुसून टाक.

संगिता शेजारीच बसली आहे. म्हणते, माझं लिही, माझ्याच शब्दांत लिही, तुझं घालू नको. तर हे तिचं:

"दीपे, तू ये. आधी शिव्या खा, मग जेव. आणि येताना तुझ्या साहेबाला एक विचारून ये. त्याच्या घरात माझ्यासारखी कोणी आई, बहीण, काकी असंलच. संक्रांतीला तिच्या दारापुढून तो कसा जातो?"